हाडांचं वय

बाथरूममधून 'पीक्' असा बारीक आवाज आला. घर इतकं गप्प होतं की तेवढ्यानेही बोरामची झापड उडाली.

दुपारचे तीन वाजले असतील. पहाटे चारला घराबाहेर पडून, जहाजकारखान्याच्या कँटीनमध्ये हजारभर माणसांचा नाश्ता आणि जेवण काढून ती दीडला सुटली होती. घरी आल्यावर कपडेसुद्धा न बदलता, खालून तापवलेल्या जमिनीवर आडवी झाली होती. पाठीला ऊब लागली की हातपाय तिचे राहत नसत. डोळे न उघडताच ती ऐकत राहिली.

पुन्हा 'पीक्'. मग काहीतरी काढून ठेवल्याची खुडबूड. पुन्हा 'पीक्'.

वजनकाटा. दान्बी त्यावर चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. दुसऱ्या खेपेला मोजे काढले असणार, तिसऱ्या खेपेला केसांतल्या पिना. आठ वर्षांची पोर. हे तिने कुणाकडून उचललं, ते बोरामला चांगलं ठाऊक होतं. गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी आणि झोपताना तिला त्या काट्यावर उभी करणारी दुसरी कोण होती घरात?

"दान्बी?"

खुडबूड थांबली. नळ सुटला.

"काय करतेस गं?"

"हात धुतेय."

"इतका वेळ?"

"खूप मळलेत."

थोड्या वेळाने ती अनवाणीच बाहेर आली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. आईच्या डोक्याशी बसली आणि काहीतरी मोठं कमावून आणल्यासारखी म्हणाली, "तीनशे ग्रॅम कमी झालं."

"मोज्यांसकट की मोज्यांशिवाय?"

दान्बीने जरा विचार केला. "मोज्यांशिवाय. पण सकाळी बघायला पाहिजे होतं, काढा प्यायच्या आधी. काढ्याने पोट जड होतं ना, मग जास्तच दाखवतं."

बोरामने डोळे उघडले. "कसला काढा?"

दान्बीने दोन्ही हात तोंडावर दाबले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सुरुवात झाली होती जानेवारीत. आंघोळ घालताना बोरामच्या हाताला लेकीच्या छातीशी सुपारीएवढी गाठ लागली. दान्बी म्हणाली, दुखतं. बोरामने साबण धुतला, टॉवेल गुंडाळला, केस पुसले, आणि मग बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. आठ वर्षं आणि तीन महिने. वर्गात सगळ्यांत उंच, आणि गेल्या वर्षभरात अंगाने चांगली भरलेली. लोक कौतुक करत. सासूबाई तर मासळीबाजारात नातीला मुद्दाम पुढे उभी करत, "बघा, दुसरीत आहे म्हणून कुणी म्हणेल का?"

दान्बीचा बाप ग्यूहो वेल्डिंगच्या शिफ्टवरून आला की बूट काढता काढता म्हणायचा, "माझ्यावर गेलीय." तो एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. बोराम एकशे पन्नास, तीही सकाळच्या वेळी मोजली तर. लग्न ठरवायला दोन्ही घरं पहिल्यांदा जेवायला बसली, तेव्हा सासूबाई ताटावरून नजर उचलून म्हणाल्या होत्या, "आमच्या सूनबाई बसल्यात की उभ्या?" सगळे हसले. बोरामही हसली. तिला तेव्हा वाटलं होतं, या बाईशी आपलं जमेल. जमलंही होतं, तसं बघायला गेलं तर.

पण एक गोष्ट तिने त्या घरात कुणाला सांगितली नव्हती. नऊ वर्षांची असताना बोरामही वर्गात सगळ्यांत उंच होती. शाळेच्या खेळांच्या दिवशी सगळ्यांच्या पुढे झेंडा घेऊन ती चालायची. अकराव्या वर्षी वाढ मंदावली, बाराव्या वर्षी थांबली. तेराव्या वर्षी बाईंनी तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं. तिची आई म्हणायची, थांब, अजून वाढशील, हाडं कोवळी आहेत. आईच्या भरवशावर ती तीन वर्षं थांबली. रोज शाळेतून आली की दाराच्या चौकटीला हात लागतो का बघायला उडी मारायची. हाडं केव्हाच बंद झाली होती, पण ते सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणून ती बुसानच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथे मुलांच्या वाढीसाठी वेगळा विभाग होता आणि बसायला जागा नव्हती इतक्या आया. डॉक्टर शिम पन्नाशीच्या, आवाज बसका, दिवसभर एकच गोष्ट वेगवेगळ्या बायकांना सांगून बसलेला. त्यांनी दान्बीच्या डाव्या हाताचा एक्स-रे उजेडावर लावला. पांढरी बोटं, आणि बोटांच्या सांध्यांशी काळ्या बारीक रेघा.

"या रेघा आहेत तोवर वाढ आहे," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी आठ वर्षांची. हाडं साडेदहाची."

"म्हणजे ती उंच नाही?"

"उंच नाही. लवकर आहे."

पुढचं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. यकृतात वाढीचं एक प्रोटीन बनतं. रक्तातून ते हाडांपर्यंत निरोप नेतं की वाढा. त्याचा हात धरून चालणारी दुसरी प्रोटीनं असतात, ती त्याला मोकाट सुटू देत नाहीत. मूल अंगाने भरलं, रक्तातलं इन्सुलिन वाढलं, की ते हात धरणारे काही जण कमी होतात. मग निरोप आधीच पोचतो आणि जास्तच पोचतो. "हाडांना वाटतं वेळ झाली. ती धावत सुटतात. आणि लवकर सुटलं ते लवकर थांबतं."

बोरामला ते कागदावरचं काही नवीन वाटलं नाही. तिला फक्त त्याचं नाव ठाऊक नव्हतं इतकी वर्षं.

मग रक्ताची तपासणी ठरली. आदल्या रात्री आठपासून पोटात काही नको. बोराम कँटीनमध्ये नाश्ता उरकून, अर्ध्या दिवसाची रजा काढून परस्पर बसस्टँडवर येणार, आणि सासूबाई पोरीला तयार करून तिथे आणून सोडणार, असं ठरलं होतं. आणलं त्यांनी, अगदी वेळेवर. वेण्या घट्ट, गाल थंडीने लाल. बोरामने विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" सासूबाई म्हणाल्या, "एक घास नाही दिला. माझं काळीज तुटलं, पण नाही दिला."

चार दिवसांनी निकाल आला. वाढीचं प्रोटीन चढलेलं, हे अपेक्षित होतं. पण उपाशीपोटीची साखर चढलेली, इन्सुलिन तर दुपटीच्याही वर. डॉक्टर शिमनी चष्मा काढून डोळे चोळले. "या वयात हे बरं नाही. शरीर साखरेपुढे दमायला लागलंय. आधी हे खाली आणू. छातीची गाठ म्हणजे वयात येण्याची सुरुवात; ती, हाडं, ते थांबवायचं इंजेक्शन, सगळं त्यानंतर बघू. तीन महिने द्या मला."

तीन महिने. आणि हाडं तर धावतच होती.

त्या दिवसापासून भात अर्धी वाटी. गोड बंद, नूडल्स बंद, शाळेच्या फाटकासमोरच्या तिखट तांदळाच्या कांड्या बंद. संध्याकाळी दोरीच्या हजार उड्या, खालच्या अंगणात, आणि बोराम बाकावर बसून मोजणार. मोजता मोजता तिचा डोळा लागायचा. दान्बी थांबून विचारायची, "आई, किती झाल्या?" बोराम अंदाजाने म्हणायची, सहाशे वीस. दान्बीने कधी वाद घातला नाही. एकदा रात्री जेवताना तिने ताट बोटाने पुसून घेतलं आणि वर बघितलं नाही. बोरामने आपल्या वाटीतला भात तिकडे सरकवला नाही. त्या रात्री तिलाही जेवण गेलं नव्हतं.

आणि या सगळ्या दिवसांत रोज सकाळी काढा.

"आजीने सांगितलं होतं सांगू नकोस म्हणून," दान्बी म्हणाली. आता तिला रडू फुटलं होतं. "म्हणजे वाईट म्हणून नाही. तू उगाच डोकं धरून बसशील म्हणून."

"त्या दिवशी दिला होता? रक्त काढलं त्या दिवशी?"

दान्बीने मान हलवली. मग दोन बोटं वर केली.

"दोन?"

"आणि मध. मागून."

सासूबाई साडेपाचला आल्या. दाराच्या कुलुपाचे आकडे त्यांना पाठ होते, घंटी वाजवायची त्यांना सवयच नव्हती. अंगाला कालवांचा वास, रबरी बूट दाराशी, हातात सोललेल्या कालवांची पिशवी. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये त्या कालवं सोलायला जात, वजनावर मजुरी. बाकीच्या बायका पहाटे चारला बसत. शाळेला सुटी लागल्यापासून सासूबाई सकाळी इथे येऊन नातीला खायला घालून, शाळेतल्या सांभाळवर्गात पोचवून मग नऊला जात. तोवर मोठी, भरलेली कालवं दुसऱ्यांनी उचललेली असत आणि यांच्या पुढ्यात बारकी, चिवट उरलेली. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. म्हणूनच बोरामला आवाज चढवता येत नव्हता.

तिने टेबलावर काढ्याची पाकिटं मांडून ठेवली होती. किमचीच्या लोणच्याच्या वेगळ्या फ्रीजमध्ये, खालच्या डब्यामागे, एकतीस सापडली.

सासूबाईंनी ती बघितली. मोजे काढले, पिशवी ओट्यावर ठेवली, हात धुतले. मग म्हणाल्या, "सापडली वाटतं."

"आई, तपासणीच्या दिवशी काय दिलं होतं तिला?"

"काही नाही. तू सांगितलं होतंस घास द्यायचा नाही. मी घास दिला नाही."

"काढा दिलात."

"काढा म्हणजे काय खाणं आहे? औषध आहे ते. कोवळ्या हरणशिंगाचं. आणि वैद्यांनी बजावून सांगितलंय, उपाशीपोटीच द्या, तेव्हाच अंगी लागतं. मी म्हटलं, बरं झालं, आज पोर आयतीच उपाशी आहे."

बोरामने डोकं धरलं.

"बघ, म्हटलं नव्हतं मी?" सासूबाई दान्बीकडे वळून म्हणाल्या.

"आणि दोन कशाला?"

"सुई टोचून रक्त काढणार होते ना तिचं! अंगात काही नको?"

"आणि मध?"

"कडू असतं गं ते. तू पिऊन बघ एकदा."

खरं तर बोराम दहा वेगळ्या गोष्टी बोलणार होती. दुपारभर जमिनीवर पडून तिने त्या मनात जुळवल्या होत्या. पण सकाळी अकरानंतर तिच्या पोटात काही गेलं नव्हतं, आणि भांडायला जे लागतं ते अंगात उरलं नव्हतं. तिने पाकिटाचा कोपरा कात्रीने कापला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकलं. आधी गोड लागलं, सुक्या बोरांचं गोड. मग मातीसारखं. मग कडू. पोटात उतरताना ऊब जाणवली.

सासूबाई निरखून बघत होत्या. "कुणी दिलं नसेल तुला कधी."

"नाही दिलं."

"तेच म्हणते. तुझ्या आईने वेळेवर दोन वर्षं दिलं असतं, तर आज वरची भांडी काढायला स्टूल लागलं नसतं."

हे बोलणं एरवी बोरामने सोडून दिलं असतं. तिने खुर्ची ओढली, बसली, आणि रिकामं पाकीट हातात धरूनच सगळं सांगितलं. झेंडा, पहिला बाक, चौकटीला हात लावायच्या उड्या. काही रंगवून नाही, कँटीनमध्ये उद्याचा बेत सांगावा तसं.

"मला काढा कमी पडला नव्हता, आई. मी आधी भराभर वाढले आणि मग संपले. हिचंही तसंच चाललंय. तुम्ही बाजारात कौतुकाने जिला पुढे उभी करता ना, ती माझ्याच मापाने चाललीय."

कालवांच्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

"पण अंगावरचं सगळं पुढे उंचीला लागतं," त्या म्हणाल्या. आवाज मात्र खाली आला होता. "ग्यूहोचं लागलं. आमच्यात सगळ्यांचं लागलं."

"तुमच्या वेळी अंगावर होतं का कुणाच्या काही?"

यावर त्या हसल्या, नको असताना. "नव्हतं. रताळी खाऊन कसलं येतंय अंगावर! आम्ही पाच भावंडं, आणि सगळ्यांचे गुडघे तेवढे मोठे." मग लेकराकडे बघून, "म्हणून तर वाटतं ना, भरलेली बघावी."

"रोज दोनदा मासळीच्या टोपलीसारखी काट्यावर ठेवतेस तिला," थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, पण हे भांडण नव्हतं. "मी चोरून बघते. श्वास रोखून उभी राहते ती. श्वास रोखल्याने वजन कमी होतं, असं वाटतं तिला."

बोरामने बाथरूमच्या दाराकडे बघितलं. तिला ते माहीत नव्हतं.

"काढ्यामुळे रक्तात ते सगळं वाढलं?" सासूबाईंनी विचारलं.

"साखर आणि इन्सुलिन वाढलं असणार. दोन पाकिटं आणि मध! त्यावरून डॉक्टर म्हणाल्या, शरीर दमलंय. आणि त्यावरून मी तिला तीन आठवडे अर्ध्या वाटीवर ठेवलं."

"उपाशी."

"अर्धपोटी."

"एकच ते." सासूबाई उठल्या, तांदळाचा डबा उघडला, आणि धुवायला घेतलेल्या तांदळात आणखी एक मूठ टाकली. मग थांबून सुनेकडे बघितलं. आजवर या ओट्यापाशी त्यांनी असं विचारून काही केलं नव्हतं. "टाकू ना?"

"टाका."

दुसऱ्या दिवशी कँटीनच्या मागच्या दारी, कांद्याच्या पोत्यांवर बसून बोरामने हॉस्पिटलला फोन लावला. तिकडची नर्स खळखळून हसली. "काढा? शिंगाचा की मुळीचा? अहो, आठवड्याला एक आजी निघतेच. पण तुम्ही फॉर्मवर 'दुसरं काही औषध चालू नाही' असं लिहिलंय."

"मला माहीत नव्हतं."

"आयांना कधीच माहीत नसतं," नर्स म्हणाली, आणि दहा दिवसांनंतरची तारीख दिली. तोपर्यंत काढा पूर्ण बंद, जेवण रोजचंच, उपाशी मारायचं नाही.

त्या खेपेला सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. शेडवर रजा सांगितली, बुसानला जायचे ठेवणीतले बूट घातले. बस समुद्राखालच्या बोगद्यातून जात असताना दान्बी म्हणाली, "आजी, तुझ्या पोटातून आवाज येतोय."

"येणारच. मीसुद्धा कालपासून काही खाल्लं नाही."

बोराम वळली. "तुम्ही कशाला, आई? तुमचं रक्त नाही काढायचं."

"माझ्यावर माझा भरवसा नाही म्हणून. पोटात असलं की हात पिशवीत जातो, आणि पिशवीत काही ना काही असतंच."

दान्बीने आजीची पिशवी उघडून तपासली. रुमाल, गोळ्या, एक संत्रं. संत्रं तिने आईकडे जप्त करून दिलं. रक्त काढताना दान्बी रडली नाही. सासूबाई दाराकडे तोंड करून उभ्या होत्या आणि भिंतीवरच्या सूचना मोठ्याने वाचत होत्या, हात धुवा, रांगेत उभे राहा, असं. बाहेर आल्याबरोबर त्यांनी तिघींसाठी मटणाच्या हाडांचा रस्सा मागवला आणि दान्बीची वाटी चमच्यावर चमचा भरून वाढवली. मग आपणच थांबल्या. चमचा सुनेकडे दिला.

निकाल ऐकायला बोराम आणि दान्बी दोघीच गेल्या. सासूबाई शेडवर होत्या. एक वाजेपर्यंत दोनदा त्यांचा फोन येऊन गेला होता.

साखर ठीक होती. इन्सुलिन थोडं वर, पण घाबरण्यासारखं नाही. शरीर दमलं नव्हतं. बोरामने ते दोन आकडे पुन्हा पुन्हा वाचले. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिने ते पुसलंही नाही. तीन आठवडे तिने पोरीला उगाच अर्ध्या भातावर ठेवलं होतं.

"पण," डॉक्टर शिम म्हणाल्या.

पण वाढीचं प्रोटीन तसंच चढलेलं होतं. काढ्याशी त्याचा संबंध नव्हता. हाडांच्या रेघा नव्या एक्स-रेमध्ये आणखी बारीक दिसत होत्या. वयात येण्याचा निरोप मेंदूतून निघालेला आहे, हे आता रक्तातच दिसत होतं.

"इंजेक्शन सुरू करता येईल. चार आठवड्यांनी एक. दोन-अडीच वर्षं. त्याने तो निरोप थांबवून धरू. वजन हळूहळू, उंची वाढेल तसं आपोआप बसवत जाऊ, उपाशी ठेवून नव्हे."

"किती वाढेल मग ती?"

"सांगता येत नाही. काहींना चार-पाच सेंटिमीटर जास्त मिळतात, काहींना दोन. काहींना काहीच फरक पडत नाही. न देऊनही चालतं. ती आजारी नाहीये, हे लक्षात ठेवा."

"तुम्ही माझ्या जागी असतात तर?"

डॉक्टर शिमनी चष्मा पुसला. हा प्रश्नही त्यांना रोजचा असणार. "मी रोज वेगळं उत्तर देते," त्या म्हणाल्या. "तुम्ही ठरवा. महिन्याभराच्या आत ठरवा, एवढंच."

बोरामने ग्यूहोला फोन केला. मागे हातोड्यांचा आवाज होता, त्याला अर्धं ऐकू येत नव्हतं. "तुला काय वाटतं?" तो ओरडून विचारत होता. "तुलाच जास्त कळतं यातलं." कळतं, बोरामच्या मनात आलं, मलाच कळतं. तेवढंच तर कळतं. दान्बी खिडकीशी उभी राहून काचेवर श्वासाची वाफ सोडत होती आणि त्यावर बोटाने मासे काढत होती. तिला चार-पाच सेंटिमीटर नको होते. काही दिवसांपूर्वी तिला फक्त भात हवा होता.

तरी बोरामने इंजेक्शनच्या कागदावर सही केली. महिनाभर थांबून काय होणार होतं? महिनाभर ती पहाटे कांदे चिरताना हेच मनात घोळवत बसली असती, आणि हाडं तिकडे धावली असती. पेन खाली ठेवताना आपण बरोबर केलं असं काही तिला वाटलं नाही. एक ओझं उतरवून दुसरं उचलल्यासारखं वाटलं, तेवढंच.

नर्सने पोटावर दिलं. दान्बी आईचा अंगठा धरून होती. "संपलं?" "संपलं." "दुसरं केव्हा?" "चार आठवड्यांनी." "मग?" "मग पुन्हा चार आठवड्यांनी." दान्बीने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि बोटं संपली तशी सोडून दिलं.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. पलीकडे कालवं फोडण्याचा आवाज थांबला. "बरं," त्या म्हणाल्या. "रडली का?" "नाही." "तू?" बोरामने नाक ओढलं. "बरं बरं. आधी काहीतरी खा. दोघीही."

बसला अजून पाऊण तास होता. बसस्टँडच्या कोपऱ्यावर खिचडीसारखी मऊ तांदळाची पेज देणारं एक दुकान होतं. दोघी आत जाऊन बसल्या. दान्बीने भोपळ्याची पेज मागवली आणि आईकडे बघितलं. बोराम म्हणाली, "पूर्ण खा, चालेल." दोघींच्या वाट्या आल्या. दान्बी फुंकर मारून खायला लागली, घाई न करता, आणि तिला असं खाताना बघून बोरामच्या पापण्या जड झाल्या. दुकानात ऊब होती. पहाटेपासून ती पायावरच होती. हनुवटी हातावर टेकवून ती एक क्षण डोळे मिटणार, तेवढ्यात मान खाली गेली. चमचा टेबलावरून पडला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून बघितलं.

दान्बीने वाकून चमचा उचलला, रुमालाने पुसला आणि आईच्या वाटीशी ठेवला. मग कितीतरी वेळ ती आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, कँटीनच्या तेलाने भाजलेल्या मनगटाकडे, खुर्चीवर बसल्यावर जमिनीला जेमतेम टेकणाऱ्या पायांकडे.

"आई, तुला लहानपणी कुणी ही सुई दिली असती, तर तू उंच झाली असतीस ना?"

"कदाचित."

"बाबांएवढी?"

"तेवढी नाही. थोडीशी."

दान्बीने पेजेत चमचा फिरवला. मग वर न बघता तिने विचारलं,

"मग तू आत्ता एवढी दमली नसतीस का?"